अमेरिकेतील सरकारी आरोग्यविम्याची कपात: हप्ता, पात्रता आणि कागदपत्रे कशी सांभाळावीत

नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी येथे मी स्वतःचा छोटा व्यवसाय करतो, त्यामुळे कंपनीचा विमा नाही. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि २०२४ च्या सुरुवातीला ग्रीनकार्डावर आलेले आई-बाबा अशी सहा माणसे आहोत. २०२५ मध्ये आम्हा चौघांचा हप्ता महिन्याला साधारण ८७० डॉलर होता आणि आई-बाबांचा शून्य. नोव्हेंबरात मार्केटप्लेसच्या (सरकारी सवलतीसह खासगी विमा विकणाऱ्या सरकारी बाजारपेठेच्या) खात्यात पुढील वर्षाचे आकडे उघडले, तेव्हा आमच्यासमोर बावीसशेच्या वरचा आणि आई-बाबांच्या समोर जवळजवळ तीन हजारांचा आकडा होता. आजार तेच, डॉक्टर तेच, योजनेचे नावही तेच. बदलला होता तो सरकारचा वाटा.

पुढचे सहा आठवडे मी नियम वाचण्यात, फोनवर ताटकळण्यात आणि कागद पुन्हा पुन्हा चढवण्यात घालवले. त्यातून जे हाती लागले ते क्रमाने मांडतो. स्वतःचा विमा स्वतः घेणारे, नोकरी सुटलेले, मेडिकेडवर (कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी विम्यावर) असलेले आणि आई-वडिलांना इकडे आणलेले, अशा सर्वांसाठी हे लिहिले आहे. कंपनीच्या विम्यावर असलेल्यांना यातले बहुतेक आज लागू नाही, पण नोकरी जाते त्या दिवशी ते लागू होते.

१. आपण कोणत्या मदतीवर आहोत ते आधी ओळखा

हे सोपे वाटते, पण अनेकांना ते ठाऊक नसते. मेडिकेड प्रत्येक राज्यात वेगळ्या नावाने वावरते: कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, न्यू जर्सीत फॅमिलीकेअर, वॉशिंग्टन राज्यात ॲपल हेल्थ. मार्केटप्लेसचेही तसेच आहे. आमच्याकडे ते केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर चालते, तर कॅलिफोर्नियात कव्हर्ड कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियात पेनी या नावाने राज्य स्वतः चालवते. विम्याच्या कार्डावर खासगी कंपनीचे नाव असले, तरी मागे पैसा सरकारचा असू शकतो. जानेवारीअखेर तुमच्या नावे १०९५-ए हा फॉर्म येत असेल तर तुम्ही मार्केटप्लेसचे ग्राहक आहात, आणि त्या फॉर्मच्या तिसऱ्या स्तंभात आकडे असतील तर सरकार तुमच्या हप्त्यातील वाटा आगाऊ भरत होते.

२. नेमके काय कमी झाले आणि काय कमी होणार आहे

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येऊन आदळल्या आहेत आणि बातम्यांत त्यांची सरमिसळ होते.

पहिली गोष्ट हप्त्यावरील करसवलतीची. २०१० च्या कायद्याने दिलेली मूळ सवलत २०२१ मध्ये वाढवण्यात आली आणि २०२२ मध्ये त्या वाढीला २०२५ अखेरपर्यंत मुदत मिळाली. या वाढीव काळात कितीही कमावणाऱ्या कुटुंबाला मधल्या दर्जाच्या (सिल्व्हर) योजनेसाठी उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांहून अधिक भरावे लागत नसे. ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले त्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता. आता उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या चौपटीहून एक डॉलरने जरी जास्त झाले, तरी सवलत पूर्ण बंद होते. चौपटीच्या आत असलेल्यांनाही २०२६ मध्ये उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांपर्यंत भरावे लागते. केएफएफ या आरोग्यधोरण संस्थेच्या अंदाजानुसार सवलत घेणाऱ्यांनी २०२५ मध्ये भरलेला सरासरी वार्षिक हप्ता ८८८ डॉलर होता, तो २०२६ मध्ये १,९०४ डॉलरवर जातो.

दुसरी गोष्ट ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या मोठ्या कायद्याची. त्याने मेडिकेडवरील केंद्राचा खर्च दहा वर्षांत नऊशे अब्ज डॉलरहून अधिक घटवला, आणि संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर पडतील. ही कपात एका दिवसात येत नाही. काही कलमे जानेवारी २०२६ पासून, काही ऑक्टोबर २०२६ पासून, बरीचशी २०२७ पासून आणि काही २०२८ मध्ये लागू होतात. त्यामुळे ‘आमचे काहीच बदलले नाही’ असे आज म्हणणाऱ्याने पुढील पायऱ्या अवश्य वाचाव्यात.

३. योजना पाहण्याआधी उत्पन्नाचा आकडा पक्का करा

सगळे लोक इथेच चुकतात आणि मीही चुकलो, म्हणून या पायरीवर थोडे रेंगाळतो.

मार्केटप्लेस मागील वर्षाचे उत्पन्न विचारत नाही. ज्या वर्षी विमा असेल त्याच वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज ते मागते आणि पुढच्या एप्रिलमध्ये कर भरताना खरा आकडा त्याच्याशी ताडून पाहिला जातो. २०२६ च्या विम्यासाठी चौपटीची रेषा एका माणसाला ६२,६०० डॉलर, दोघांना ८४,६०० आणि चौघांच्या कुटुंबाला १,२८,६०० डॉलर अशी आहे. ती दरवर्षी थोडी सरकते, म्हणून २०२७ साठी नवा आकडा पाहावा. रेषेपलीकडची दरी किती खोल आहे हे केएफएफच्याच एका उदाहरणावरून कळेल: साठीचे जोडपे ८५,००० डॉलर कमावत असेल, म्हणजे रेषेच्या फक्त चारशे डॉलर पुढे, तर त्याचा वार्षिक हप्ता सरासरी २२,६०० डॉलरहून अधिक वाढतो.

माझी चूक भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) ठेवीची होती. तिच्यावरील व्याजाला भारतात कर नाही, म्हणून ते उत्पन्न नव्हेच असे मी गृहीत धरले. २०२४ चा कर भरताना हिशेबनीसांनी विचारले, ‘तिकडे काही ठेवी?’ आणि मी पासबुक उघडले. वर्षाचे व्याज सुमारे पाच लाख रुपये, म्हणजे जवळजवळ सहा हजार डॉलर निघाले. अमेरिकेच्या कराला ते पूर्ण लागू असते. माझे उत्पन्न १,२३,००० ऐवजी १,२९,००० झाले आणि सवलतीपैकी सुमारे पाचशे डॉलर परत करावे लागले. तेव्हा ८.५ टक्क्यांचे कवच होते म्हणून पाचशेवर भागले. हीच चूक २०२६ मध्ये केली असती, तर १,२८,६०० ची रेषा चारशे डॉलरनी ओलांडली जाऊन वर्षभराची सगळी सवलत परत द्यावी लागली असती. कमी उत्पन्न असलेल्यांसाठी परतफेडीवर पूर्वी कमाल मर्यादा असे. २०२६ च्या करवर्षापासून तीही काढून टाकली आहे, त्यामुळे जादा मिळालेला प्रत्येक डॉलर परत जातो.

तेव्हा बेरीज करताना या गोष्टी विसरू नयेत: भारतातील मुदतठेवींचे व्याज, घरभाडे, पेन्शन, समभाग आणि म्युच्युअल फंडांतील नफा आणि त्या वर्षी पुण्याचा किंवा नाशिकचा फ्लॅट विकला असेल तर त्यावरील भांडवली नफा. फ्लॅटची विक्री एकाच वर्षात येते आणि त्या एका वर्षाची सवलत बुडवते, म्हणून व्यवहाराची तारीख ठरवताना हा खर्चही हिशेबात धरावा. आई-वडिलांनी दिलेली भेट किंवा वारसाहक्काची रक्कम मात्र उत्पन्नात धरली जात नाही.

रेषेच्या जरा पुढे असाल तर ती कायदेशीरपणे मागे आणता येते. पारंपरिक आयआरए (वैयक्तिक निवृत्तिखाते), स्वयंरोजगाराचे निवृत्तिखाते आणि आरोग्य बचत खाते यांत भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते. २०२६ पासून मार्केटप्लेसवरील सर्व ब्राँझ (कमी हप्त्याच्या, सिल्व्हरच्या खालच्या दर्जाच्या) योजना आरोग्य बचत खात्यासाठी पात्र आहेत आणि त्यात एकट्याला ४,४०० व कुटुंबाला ८,७५० डॉलर भरता येतात. आयआरए आणि बचत खात्यातील भरणा पुढील वर्षाच्या १५ एप्रिलपर्यंत करता येतो, म्हणजे वर्षाचा खरा आकडा कळल्यावरही हातात थोडा वेळ उरतो. मात्र कंपनीच्या निवृत्तियोजनेत सहभागी असाल तर आयआरएची वजावट मिळेलच असे नाही.

४. आई-वडील ग्रीनकार्डावर असतील तर

सर्वांत अनपेक्षित फटका इथे बसला. ग्रीनकार्ड मिळाल्यावर पहिली पाच वर्षे बहुतेक प्रौढांना केंद्राचे मेडिकेड मिळत नाही. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांसारखी मोजकी राज्ये स्वतःच्या पैशाने ही उणीव भरून काढतात. ज्यांना केवळ या पाच वर्षांच्या अटीमुळे मेडिकेड नाकारले जाई, त्यांना उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असूनही मार्केटप्लेसची सवलत मिळत असे. माझ्या आई-बाबांचा शून्य हप्ता या तरतुदीतून आला होता. १ जानेवारी २०२६ पासून ती बंद झाली. दोघांचे मिळून उत्पन्न २१,१५० डॉलरच्या खाली असेल, तर स्वतंत्र कर भरणाऱ्या अशा जोडप्याला आता सवलत नाही.

पहिला मोह होतो तो उत्पन्न फुगवून सांगण्याचा. तसे करू नये. नसलेले उत्पन्न शपथेवर दाखवणे हा गुन्हा आहे, आणि आई-वडिलांच्या पुढील नागरिकत्वाच्या अर्जावर त्याची सावली पडू शकते.

आम्हाला सापडलेला मार्ग असा. आई-बाबा २०२४ आणि २०२५ मध्ये आपले विवरणपत्र स्वतंत्रपणे भरत होते. बाबांचे साताऱ्यातील ठेवींचे व्याज वर्षाला तीन लाख रुपयांच्या आसपास आहे, आईचे काहीच नाही, आणि त्यांचा निम्म्याहून अधिक खर्च मीच करतो. अशा स्थितीत मुलगा किंवा मुलगी आपल्या विवरणपत्रात आई-वडिलांना अवलंबित म्हणून दाखवू शकते. त्यासाठी प्रत्येकाचे उत्पन्न एका मर्यादेच्या आत हवे. २०२५ साठी ती मर्यादा ५,२०० डॉलर होती आणि ती दरवर्षी थोडी बदलते. शिवाय त्या दोघांनी स्वतःचे संयुक्त विवरणपत्र भरायचे नाही. मग सवलतीसाठी कुटुंब सहा जणांचे धरले जाते, उत्पन्न मुलाचे मोजले जाते, आणि सहा जणांसाठी चौपटीची रेषा १,७२,६०० डॉलरवर जाते. आमचे १,२९,००० त्याच्या बरेच आत बसले. सहाही जणांच्या मधल्या दर्जाच्या योजनांचा आमचा वाटा महिन्याला साधारण १,०७० डॉलर आला. वेगवेगळे राहिलो असतो तर तोच पाच हजारांच्या पुढे गेला असता. कराच्या जाणकाराला विचारल्याशिवाय हे पाऊल उचलू नका, कारण वडिलांना चांगली पेन्शन असेल तर हे गणित जुळत नाही.

नावाचा घोळ हा मराठी घरांचा खास सापळा आहे. पारपत्रावर आईच्या पहिल्या नावाला बाबांचे नाव जोडलेले होते, ग्रीनकार्डावर तसेच उतरले, पण सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर बाबांचे नाव गळले. यंत्राला त्या दोन वेगळ्या बायका वाटल्या. त्यात मी ग्रीनकार्डाची फक्त पुढची बाजू चढवली होती. एका कार्यालयातून पाच पानी पत्र आले, त्यात मुदतीची तारीख तिसऱ्या पानाच्या तळाशी होती, आणि फोनवरच्या तीन जणांनी तीन वेगळी उत्तरे दिली. अखेर दोन्ही बाजूंची प्रत, पारपत्राचे पान आणि नावांच्या फरकाचे दोन ओळींचे निवेदन एकाच पीडीएफमध्ये पाठवल्यावर काम झाले.

पासष्टी ओलांडलेल्या ग्रीनकार्डधारकाला सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) विकत घेता येते. मुलाने भरलेला मेडिकेअरचा कर आई-वडिलांच्या खात्यात धरला जात नाही, त्यामुळे त्यांना पूर्ण किंमत पडते: २०२६ मध्ये रुग्णालयाच्या भागासाठी महिन्याला ५६५ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागासाठी २०२.९० डॉलर, तेही प्रत्येकी. पाच वर्षे पूर्ण होण्याची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, कारण नोंदणीची खिडकी चुकली तर दंड हप्त्यात चिकटतो.

५. व्हिसावर असाल तर

एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावरील व्यक्तींना १ जानेवारी २०२७ पासून मार्केटप्लेसची सवलत मिळणार नाही. पूर्ण किमतीला योजना घेता येईल. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची पात्रता अबाधित राहते, म्हणून सगळ्या कुटुंबाचा अर्ज रद्द न करता मुलांचा वेगळा विचार करावा. आश्रय मिळालेल्यांचे आणि निर्वासितांचे केंद्रीय मेडिकेड १ ऑक्टोबर २०२६ पासून जाते.

६. मेडिकेडवर असाल तर तासांची वही आजच सुरू करा

ज्या राज्यांनी मेडिकेडचा विस्तार करून अधिक प्रौढांना त्यात घेतले आहे, तेथील १९ ते ६४ वयाच्या विस्तारगटातील प्रौढांना १ जानेवारी २०२७ पर्यंत, काही राज्यांत त्याआधीही, महिन्याला ८० तास काम, शिक्षण, प्रशिक्षण किंवा समाजसेवा केल्याचे दाखवावे लागेल. महिन्याला ५८० डॉलरचे उत्पन्न दाखवले तरी चालते, कारण किमान वेतनाच्या ७.२५ डॉलर दराने ते ८० तासांइतके होते. तेरा वर्षे वा त्याहून लहान मुलाचे पालक, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजार असलेले यांना सूट आहे, परंतु सूट आपोआप लागेल या भरवशावर राहू नये. याच गटाची पात्रता आता वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासली जाईल.

इथे एक दार मुद्दाम बंद केलेले आहे: तासांची अट न पाळल्यामुळे मेडिकेड गेले, तर मार्केटप्लेसची सवलतही मिळत नाही. गाडी चालवणारे, घरपोच जेवण पोचवणारे, देवळात किंवा मंडळात सेवा करणारे यांनी तारीख, तास आणि सहीचा कागद दर महिन्याला जपावा. अर्जाआधीच्या बिलांना मागाहून मिळणारे संरक्षणही २०२७ पासून तीन महिन्यांवरून या गटासाठी एका महिन्यावर येते, त्यामुळे रुग्णालयातून घरी आल्यावर अर्ज करू असे म्हणून चालणार नाही.

७. योजना निवडताना

हप्ता टाळण्यासाठी लोक ब्राँझकडे वळले आहेत. ब्राँझचे सरासरी डिडक्टिबल साडेसात हजार डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे तेवढा खर्च खिशातून होईपर्यंत विमा बहुतेक बाबतींत गप्प बसतो. २०२६ मध्ये वर्षाचा कमाल खर्च एकट्याला १०,६०० आणि कुटुंबाला २१,२०० डॉलरपर्यंत असू शकतो. मधुमेहाची नियमित औषधे चालू असतील तर हप्ता आणि वर्षाचा अपेक्षित औषधखर्च एकत्र मांडून मगच तुलना करावी. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीच्या आत असेल तर सिल्व्हर सोडू नये, कारण डिडक्टिबल कमी करणारी वेगळी मदत फक्त सिल्व्हर योजनेतच मिळते.

फोनवर ‘महिन्याला १९९ डॉलरमध्ये सगळे’ असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. अल्पमुदतीच्या योजना, खर्च वाटून घेणारी धार्मिक मंडळे आणि दिवसाला ठरावीक रक्कम देणाऱ्या पॉलिसी आधीचे आजार नाकारू शकतात. पाहुण्या आई-वडिलांसाठी घेतात तो प्रवासविमाही याच जातीचा आहे.

केंद्राच्या संकेतस्थळावरील नोंदणी २०२७ च्या विम्यासाठी १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर एवढीच असेल. जानेवारीतला वाढीव पंधरवडा आता नाही. आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या बँकेतून जानेवारीत नवा हप्ता तिप्पट होऊन कापला गेला, आणि ते त्यांना घराचा हप्ता परत गेल्यावर कळले.

८. जवळ ठेवायची कागदपत्रे

- सर्वांची सोशल सिक्युरिटी कार्डे, पारपत्रे आणि ग्रीनकार्डाच्या दोन्ही बाजू
- मागील वर्षाचे विवरणपत्र, १०९५-ए आणि त्यावरून भरलेला ८९६२ क्रमांकाचा फॉर्म
- चालू वर्षाच्या पगारपावत्या किंवा व्यवसायाचा नफा-तोटा हिशेब
- भारतातील बँकांचे व्याजाचे दाखले आणि पेन्शनचा आदेश (मराठीत असल्यास इंग्रजी अनुवादासह)
- मेडिकेडसाठी तासांची नोंद आणि सूट असल्यास डॉक्टरांचे पत्र
- आलेले प्रत्येक पत्र, पाकिटासह, कारण टपालाच्या शिक्क्यावरची तारीख अपिलात उपयोगी पडते

९. विमा तुटलाच तर

नोकरीचा विमा गेल्यापासून ६० दिवसांत मार्केटप्लेसमध्ये खास नोंदणी करता येते. कंपनीचा जुनाच विमा कोब्रा या कायद्याखाली चालू ठेवायचा तर कंपनीचा वाटाही तुम्हालाच भरावा लागतो, तो एकूण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत जातो. सवलतीवर असताना हप्ता थकला तर तीन महिन्यांची मुदत मिळते, पण पहिल्या महिन्यानंतरची बिले कंपनी अडवून ठेवू शकते.

विमा नसताना तातडीच्या विभागात गेल्यास रुग्णाला तपासून स्थिर करणे १९८६ च्या कायद्याने रुग्णालयावर बंधनकारक आहे. बिल मात्र येते. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचे लेखी धोरण ठेवावेच लागते, तेव्हा बिल आल्यावर क्रेडिट कार्ड काढण्याआधी त्या मदतीचा अर्ज मागा. ठरवून घेतलेल्या उपचारासाठी विमा नसलेल्या रुग्णाला खर्चाचा लेखी अंदाज मागता येतो, आणि प्रत्यक्ष बिल त्याहून ४०० डॉलर वा अधिक असेल तर १२० दिवसांत तक्रार करता येते. रोजच्या औषधपाण्यासाठी केंद्राच्या अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्यकेंद्रे उत्पन्नानुसार शुल्क घेतात. पहिल्या भेटीला जाताना उत्पन्नाचा पुरावा आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी, म्हणजे शुल्क त्याच दिवशी ठरते.